आधी मनगट वळतं

उजवा हात कोपरात वाकवून उभा धरा आणि बोटांतला सगळा ताण काढून टाका. आता मनगट तळव्याच्या बाजूला आपल्याच वजनाने पडू द्या. बोटं उलगडतात. आपण ती उघडलेली नसतात. मग डाव्या हाताने उजवा पंजा हलकेच मागे रेटा. बोटं एकेक करून आत वळतात, अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो आणि सैलशी मूठ तयार होते. मनगट पुन्हा पुढे सोडा, मूठ सुटते. गाढ झोपलेल्या मुलाच्या हातावरही हे दिसतं, कारण या हालचालीला इच्छा लागत नाही.

याचं कारण पंजात शोधून सापडत नाही, ते कोपराच्या जवळ आहे. बोटं जोराने मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्यापासून निघालेल्या चिवट, पांढऱ्या कंडरा मनगट ओलांडून पार पेरांपर्यंत जातात. मनगट मागे गेलं की तळव्याच्या बाजूच्या कंडरा ताणल्या जातात आणि बोटांना आत ओढतात. मनगट पुढे पडलं की त्या सैलावतात, मग पाठीमागच्या कंडरा ताणतात आणि बोटं उघडतात. मनगट पूर्ण आत मुडपून मूठ घट्ट आवळून पाहा, ती आवळता येतच नाही. एखाद्याच्या हातातली वस्तू सोडवायची असेल तर जाणकार माणूस बोटांशी झटत नाही, मनगट आत मुडपतो. उलट मनगट वीस-तीस अंश मागे झुकलेलं असतं तेव्हा पकड सगळ्यात पक्की असते. हातोडी धरलेला सुतार, दोर ओढणारा नाखवा, पाटा-वरवंट्यावर चटणी वाटणारी बाई, या सगळ्यांची मनगटं पाहिली तर ती याच कोनात स्थिरावलेली दिसतील. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

हाताच्या कसबाचं श्रेय आपण बोटांना देतो. वीणेवर फिरणारी बोटं, सुईत दोरा ओवणारी बोटं, रांगोळीची रेघ सोडणारी चिमूट. ते खोटं नाही. पण बोटांना काय करता येईल हे मनगट ठरवतं, आणि ते आधी ठरवतं. पाण्याच्या पेल्यावर बोटं मिटतात त्याआधी मनगट मागे झुकून त्यांना पकडीचं बळ देतं. अक्षर उमटतं त्याआधी मनगट कागदावर आपली बैठक घेतं. शरीराच्या या भागाकडे मी जितकं निरखून पाहत गेलो तितकी माझी खात्री होत गेली, की मनगटाचं मोठेपण त्याच्या जोरात नाही. दुसऱ्याला काम करता यावं म्हणून योग्य कोनात उभं राहण्यात ते आहे.

एका मनगटात आठ हाडं असतात. मनगट आणि पंजा मिळून एका हातात 27, दोन्ही हातांत 54, म्हणजे अंगातल्या 206 हाडांचा चौथा हिस्सा भरून वर थोडी उरतात. मनगटातली ही आठ हाडं एका मुठीत मावणाऱ्या सागरगोट्यांसारखी आहेत, कुणी थोडं मोठं, कुणी लहान, प्रत्येकाचा घाट वेगळा आणि एकमेकांना घासून गुळगुळीत झालेल्या बाजू. ती चार-चारच्या दोन आडव्या रांगांत बसतात. कोपराकडच्या रांगेत अंगठ्याच्या बाजूने नावेच्या घाटाचं स्कॅफॉइड, मग चंद्रकोरीच्या आकाराचं ल्युनेट, तीन कोनांचं ट्रायक्वेट्रम आणि त्यावर वाटाण्याएवढं पिसिफॉर्म. बोटांकडच्या रांगेत ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, सगळ्यांत मोठं आणि मधोमध बसलेलं कॅपिटेट, आणि आकडा बाहेर आलेलं हॅमेट.

यांतली कोपराकडची रांग मला फार विलक्षण वाटते. पिसिफॉर्म हे एका कंडरेच्या आतच वाढलेलं हाड, ते बाजूला ठेवलं, तर उरलेल्या तिघांना हलवणारा एकही स्नायू थेट त्यांना जोडलेला नाही. त्यांना स्वतःची ओढ नाही. शेजारच्या हाडांचा दाब आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांचा ताण, एवढ्यावर ती हलतात. पंजा अंगठ्याच्या बाजूला कलला की तिथली जागा अपुरी पडते. त्या वेळी स्कॅफॉइड पुढे वाकून आखूड होतं आणि जागा करून देतं. पंजा करंगळीकडे कलला की ते पुन्हा उभं राहून मोकळी झालेली जागा भरून काढतं. आपण भाजीला फोडणी देताना, कुलपाशी खटपट करताना, टाळी वाजवताना ही देवघेव अखंड चाललेली असते आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. निरोगी मनगट पुढे साधारण 80 अंश वळतं, मागे 70 च्या आसपास, करंगळीकडे तीस-पस्तीस आणि अंगठ्याकडे सुमारे 20. एवढा आवाका असूनही ते ढिलं पडत नाही. त्याच मनगटावर भार देऊन मल्लखांबावरची मुलगी आपलं सगळं अंग तोलून धरते.

किल्ली फिरवणं, हात उताणा-पालथा करणं, याला आपण मनगट फिरवणं म्हणतो. खरं फिरणं मात्र वर, कोपराखालच्या हातात होतं. तिथे रेडियस आणि अल्ना अशी दोन लांब हाडं शेजारी-शेजारी आहेत. तळवा वर असतो तेव्हा ती समांतर असतात. तळवा पालथा केला की रेडियस अल्नाला ओलांडून तिच्यावर तिरपी येते, आणि सगळा पंजा रेडियसच्या टोकाशी जोडलेला असल्यामुळे तिच्याबरोबर फिरतो. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग सैलसा धरून तळवा उलटसुलट केला तर त्वचेखाली एक हाड दुसऱ्यावरून लोळताना हाताला लागतं. ज्याने ते एकदा अनुभवलं त्याला कुलूप उघडण्यासारखी साधी गोष्टही वेगळी दिसू लागते.

आता तिरप्या हालचालीबद्दल. मनगट सरळ पुढे-मागे किंवा सरळ डावीकडे-उजवीकडे असं आपण कामात क्वचितच हलवतो. रोजच्या कामात ते एका तिरक्या वाटेने जातं. आधी मागे आणि अंगठ्याकडे, मग पुढे आणि करंगळीकडे. दगड भिरकावताना, खिळ्यावर हातोडी मारताना, तांब्याने पाणी ओतताना, केस विंचरताना हीच वाट असते. हिला शल्यचिकित्सक भाल्याची छोटी बहीण असलेल्या डार्टच्या फेकीवरून नाव देतात. या वाटेवर हाडांची पहिली रांग जवळजवळ स्थिर राहते आणि दोन रांगांमधला सांधा बहुतेक काम करतो. म्हणून मनगटाला इजा झाल्यावर बाकीच्या हालचाली बेताच्या राहिल्या आणि ही एवढी वाचली, तरी माणूस आपली बरीचशी कामं करू शकतो. मागे झुकण्याची ही सोय सगळ्यांना नसते. चिंपांझी मुठीच्या पेरांवर भार देऊन चालतो, त्याचं मनगट मागे फारसं वळत नाही. भार पेलण्यासाठी ते ताठ असावं लागतं. आपले पूर्वज दोन पायांवर उभे राहिले, हात चालण्यातून सुटले आणि मनगटाला मागे झुकून वेगाने पुढे येण्याची मोकळीक मिळाली. दगडावर दगड आपटून धार काढणाऱ्या हातांची गोष्ट या मोकळिकीशी जोडलेली आहे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या लियांग बुआ गुहेत ठेंगण्या मानवाचे अवशेष मिळाले, तेव्हा ती वेगळी प्रजाती की आजाराने खुरटलेला आपल्यातलाच माणूस, असा वाद होता. 2007 साली त्याच्या मनगटाची तीन हाडं अभ्यासली गेली आणि ती आपल्यापेक्षा आफ्रिकी वानरांच्या हाडांशी जवळची निघाली. वेगळ्या प्रजातीच्या बाजूचा तो एक मोठा पुरावा ठरला. माणूस कोण हे ठरवताना कवटीइतकीच मनगटाचीही साक्ष काढली गेली, याचा मला आनंद वाटतो.

पण मनगट खऱ्या अर्थाने कसं काम करतं ते मी स्वयंपाकघरात पाहिलं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी रोजची. आई गरम पाण्यात पीठ भिजवायची आणि तळव्याच्या मनगटाकडच्या उंचवट्याने ते मळायची. त्या वेळी मनगट पूर्ण मागे गेलेलं असायचं आणि खांद्याचा भार थेट परातीत उतरायचा. बोटं नुसती मागे उभी. उंडा वळताना मनगटं सैल व्हायची आणि दोन तळव्यांत तो गरगर फिरायचा. मग थापणं. नव्याने शिकणारी बाई बोटांनी थापते, म्हणून तिची भाकरी मधे जाड आणि कडेला चिरलेली होते. आईचा हात मनगटातून पडायचा. प्रत्येक थापेच्या अखेरीला पंजा करंगळीकडे किंचित कलायचा आणि त्या कलण्याने भाकरी परातीत आपोआप पुढे सरकायची. भाकरी फिरवण्यासाठी वेगळा हात लागायचाच नाही. थापणं आणि फिरवणं एकाच झटक्यात. मग उचलणं. थापलेली भाकरी तळव्यावर यायची, हात तव्यावर जायचा आणि तळवा पालथा व्हायचा. रेडियस अल्नावरून लोळायची आणि पिठाची बाजू वर येऊन भाकरी तव्यावर सुरकुती न पडता बसायची. वरून पाण्याचा हात फिरायचा तेव्हा मनगट इतकं हलकं असायचं की ओल्या भाकरीवर बोटांचा वणसुद्धा उमटत नसे. एका भाकरीत मनगट भार देतं, सैल होतं, आपटतं, कलतं, उलटतं आणि अखेर जवळजवळ वजनरहित होतं. ही सगळी रूपं पाव मिनिटाच्या अंतराने एकामागून एक येतात.

हाताच्या रचनेचं असंच सूक्ष्म ज्ञान मी कासारणीकडे पाहिलं. काचेची बांगडी पंज्याच्या रुंदीपेक्षा लहान आणि मनगटापेक्षा जराशी मोठी असते, म्हणून तर ती मनगटावर राहते. ती आत घालायची तर पंजा अरुंद करावा लागतो. तर्जनी आणि मधल्या बोटामागची तळहातातली हाडं मनगटाशी पक्की बसलेली असतात, ती हलत नाहीत. अनामिका आणि करंगळीच्या मागची हाडं मात्र थोडी दबतात, आणि अंगठ्याच्या मुळाचा सांधा तर खोगिरावर बसल्यासारखा सगळीकडे सरकतो. कासारीण हात हातात घेते, बोलत बोलत करंगळीच्या बाजूने दाबते, अंगठ्याचं मूळ तळव्याच्या मधोमध सारते आणि बांगडी त्या क्षणी पुढे लोटते. समोरच्या बाईने हात ताठ केला तर ती म्हणते, “सैल सोड बाई, माझ्याकडे दे हात.” स्नायू ढिले पडल्याशिवाय हाडं जागा देत नाहीत हे तिला ठाऊक असतं. शरीरशास्त्राचं पुस्तक न उघडता तिने कुठलं हाड दबतं आणि कुठलं दबत नाही हे हजारो हातांवरून शिकलेलं असतं. अशा ज्ञानाला मी मनापासून मान देतो.

मैदानावर मनगटाची कला सगळ्यात उघडपणे दिसते ती लेगस्पिन गोलंदाजीत. मुंबईत 1929 साली जन्मलेल्या सुभाष गुप्ते यांचं नाव या कलेत आदराने घेतलं जातं. 36 कसोटींत 149 बळी, आणि 1958 साली कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध एकाच डावात 102 धावांत नऊ. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. लेगस्पिनर हात वर नेताना मनगट आत मुडपून ठेवतो आणि चेंडू सुटताना ते उलगडतो. त्या उलगडण्यात चेंडूला फिरकी मिळते, अनामिका तिला शेवटची ओढ देते. गुगलीत हात तसाच येतो, धाव तशीच असते, फक्त मनगट आणखी वळलेलं असतं. पंज्याची पाठ फलंदाजाकडे होते आणि चेंडू उलट दिशेला वळतो. फलंदाजाला जे ओळखायचं असतं ते एवढंच, काही अंशांचा फरक, तोही बावीस यार्डांवरून.

मैदानाचा आणि मनगटाचा आणखी एक संबंध आहे. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटातली आठही हाडं कूर्चेची, मऊ असतात. क्ष-किरण चित्रात तिथे मोकळी जागा दिसते. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेट यांच्यात हाड धरू लागतं, मग वर्षामागून वर्षं एकेकाची पाळी येते, आणि वाटाण्याएवढं पिसिफॉर्म सगळ्यांच्या शेवटी, आठ-दहा-बारा वर्षांच्या सुमारास. म्हणून डाव्या मनगटाचं चित्र पाहून हाडाचं वय काढता येतं. सोळा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांसाठी आपलं क्रिकेट मंडळ हीच तपासणी वापरतं. बाळाची मूठ आपल्या बोटाभोवती आवळली जाते तेव्हा ती पकड देणारं मनगट अजून हाड झालेलं नसतं, हे कळल्यावर त्या इवल्या मुठीबद्दलचं कौतुक कितीतरी वाढतं.

एवढं काम करणारी जागा अरुंदही आहे. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची कमान आणि तिच्यावर ताणून बसवलेला एक रुंद, जाड पट्टा, यांच्यामधून बोगदा जातो. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाचा एक मज्जातंतू जातो. कंडरा ओढ सहन करतात, मज्जातंतू दाब सहन करत नाही. आत सूज आली की सगळ्यांत आधी तोच घुसमटतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची एक बाजू मुंग्यांनी भरते. रात्री झोपेत मनगट मुडपलेलं राहतं, बोगदा आणखी दाटतो, बाई उठून बसते आणि हात झटकते. घरकामात हात अडकलेल्या, गर्भार आणि मधुमेही बायकांमध्ये हा त्रास पुष्कळ दिसतो. बाळंतिणींना आणखी एक दुखणं होतं, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येते. काखेत हात घालून बाळाला दिवसभर उचलल्याने तिथल्या दोन कंडरांचं आवरण जाड होतं. फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस शल्यचिकित्सकाने 1895 साली याचं वर्णन केलं. घरोघरी या दोन्ही दुखण्यांना ‘वात आहे, जाईल’ असं म्हणून बाजूला सारलं जातं. मला याचं वाईट वाटतं. पहिल्या दुखण्यात नुसती रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधूनसुद्धा कित्येकींना झोप लागते. पण मुंग्या वर्षानुवर्षं अंगावर काढल्या तर अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बसत जातो आणि सुई धरण्याची ताकद जाते.

अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये एक खळगा पडतो. युरोपात लोक तिथे तपकीर ठेवून हुंगत, शरीरशास्त्रातलं त्याचं नावही तपकिरीच्या डबीवरूनच पडलं. या खळग्याच्या तळाशी नावेच्या घाटाचं ते स्कॅफॉइड आहे. त्याचा रक्तपुरवठा उलटा चालतो. रक्त बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि कोपराकडे जातं. हे हाड मधोमध मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी पडतो, जुळून यायला वेळ घेतो, कधी निर्जीवही होतो. त्यात भर अशी, की पहिल्या दिवशीच्या चित्रात ही मोड पुष्कळदा दिसत नाही. तरुण मुलगा पडतो, मुरगळलं म्हणून तेल चोळतो, खेळत राहतो, आणि काही वर्षांनी त्याचं मनगट झिजलेलं निघतं. पडल्यानंतर या खळग्यात बोट दाबून दुखत असेल तर चित्र स्वच्छ आलं तरी हात बांधून ठेवायचा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासायचं, हा नियम प्रत्येक तालमीत आणि शाळेत माहीत असायला हवा.

मनगटाच्या औदार्याची मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट वेल्लोरची आहे. डॉ. पॉल ब्रँड तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांवर जन्मले आणि 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने सडून गळतात असं तेव्हा सर्रास मानलं जाई. ब्रँडनी दाखवून दिलं, की मज्जातंतू मेल्याने बधिर झालेल्या हाताला चटका, काच, घर्षण कळत नाही आणि त्या जखमांनी बोटं झिजतात. बोटं आकड्यासारखी वाकलेली असत, कारण पंज्यातले छोटे स्नायू लुळे पडलेले असत. पण मनगट मागे उचलणारे स्नायू वेगळ्या मज्जातंतूवर चालतात, आणि कुष्ठरोग त्याला क्वचितच गाठतो. मनगट उचलायला असे स्नायू एकाहून अधिक आहेत. ब्रँडनी त्यांतल्या एकाची कंडरा मोकळी केली, पायातून काढलेली कंडरा तिला जोडून लांबवली, तिचे चार पदर करून चार बोटांना दिले. मनगटाचा एक स्नायू बोटांचा झाला. उरलेल्यांनी मनगट सांभाळलं. मग रोग्याने आपल्या मेंदूला नवी सवय लावायची, जी ओढ कालपर्यंत पंजा उचलत होती ती आता बोटं सरळ करण्यासाठी वापरायची. आपल्या वरोऱ्याच्या आनंदवनात रोगातून बरे झालेल्या हातांनी शेती पिकवली, माग चालवले. समाजाने ज्यांचे हात हातात घ्यायला नकार दिला त्यांना काम करता यावं यासाठी कुणी शल्यक्रियेने झटलं, कुणी विश्वासाने. या दोन्ही प्रयत्नांपुढे मी नतमस्तक आहे.

मानेत मणका मोडून हातपाय गेलेल्या काही जणांच्या बोटांत जीव राहत नाही, पण मनगट मागे उचलता येतं. अशा माणसाला उपचार करणारे सुरुवातीला सांगितलेली तीच गोष्ट शिकवतात. मनगट सोड, बोटं उघडतील. वस्तूशी हात ने. मनगट उचल, बोटं मिटतील. या एवढ्या बळावर माणूस चमचा धरतो, पेन धरतो, स्वतःच्या हाताने जेवतो. म्हणून त्याच्या बोटांच्या कंडरा फार ताणून सैल करायच्या नसतात, थोड्या आखूड राहू द्यायच्या असतात. एरवी जो आखडलेपणा दोष ठरला असता तो इथे त्याचं स्वातंत्र्य असतो.

आणि पडण्याची गोष्ट. माणूस तोल जाऊन पडतो तेव्हा हात पुढे जातो, तोंड आणि डोकं वाचतं, सगळा भार मनगटावर येतो. वय झालेल्या बाईच्या बाबतीत अशा वेळी बहुधा रेडियसचं मनगटाजवळचं टोक मोडतं आणि मागे सरकतं. डब्लिनच्या अब्राहम कोलेस यांनी 1814 साली या मोडीचं वर्णन केलं, क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा 81 वर्षं होती. त्यांनी ते केवळ हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून ओळखलं. माझी आई ओल्या अंगणात घसरली आणि हेच झालं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण तळवा वर होईना. फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. “आजी, प्रसाद घेताना हात करता तसा करा,” ती म्हणायची. आई दात आवळून म्हणायची, “देवाला सांग गं, अर्ध्या ओंजळीतच दे म्हणावं.” दोघी हसत, आणि त्या हसण्यात मनगट आणखी एक-दोन अंश वळायचं. कोमट पाणी, मऊ कणकेचा गोळा, टेबलाच्या कडेवरून पंजा खाली सोडणं, पुन्हा उचलणं. हाताला आधी भार आला, मग कलणं आलं, आणि तळवा पालथा-उताणा होणं सगळ्यात शेवटी.

पण त्या मुलीने आईला आणखी एक गोष्ट करायला लावली, हाडांची घनता मोजायला लावली. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडणं ही बहुतेकदा हाडं विरळ होत चालल्याची पहिली सूचना असते. त्यानंतर काही वर्षांनी मणका दबू शकतो किंवा खुबा मोडू शकतो, आणि खुब्याची मोड म्हातारपणात माणसाला अंथरुणाला खिळवते. आपल्याकडे मनगटाचं प्लास्टर निघालं की गोष्ट संपली असं धरतात. घरातल्या कमावत्या माणसाचं बारीकसारीक तपासलं जातं आणि जिच्या मनगटावर घर चालतं तिची हाडं कुणी मोजत नाही. ज्या घरात आई, मावशी, आत्या, सासू पडून मनगट मोडून घेते त्या घराने प्लास्टरच्या खर्चातच ही तपासणी धरावी, तिला कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि लागतील ती औषधं नियमाने मिळतील असं बघावं, ओल्या मोरीत आधाराची दांडी बसवावी. मनगट आधी वळतं, आधी पोहोचतं आणि पडताना आधी मोडतं. त्याने वेळेवर दिलेला इशारा वाया जाऊ दिला नाही, तर पुढचं मोडणं आपल्याला टाळता येतं.